परसदारचा शेवगा

आमच्या परसाची लांबी २२ फूट आणि रुंदी १४ फूट. नांदेडसारख्या वाढत्या शहरात एवढी जागा नुसत्या मातीसाठी राखून ठेवली म्हणून काही शेजारी आमचे कौतुक करतात, काही कीव करतात. मागल्या दाराशी न्हाणी, न्हाणीच्या सांडपाण्यावर केळी आणि अळू, पश्चिमेच्या भिंतीला एक कडुलिंब, मध्ये तुळस, कढीपत्ता, आत्याबाईंच्या गवती चहाची ठोंबे. आणि थेट ईशान्येला, ज्या कोपऱ्यावर देवाचा हक्क सांगतात त्या कोपऱ्यात, एक शेवगा. या शेवग्यावरून मागल्या वर्षी आमच्या घरात चांगली तीन महिने धुसफूस चालली होती.

घडले ते असे. घर वाढवायचे ठरले. मुलगी दहावीला, तिला अभ्यासाला जागा हवी. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, जिना चढवत नाही. तेव्हा परसातली १० फूट जागा घेऊन खाली एक खोली काढावी, असा बेत झाला. आमच्या ह्यांच्या कचेरीतल्या एका स्नेह्याने सुचविले, की बांधकामापूर्वी एका जाणकाराला जागा दाखवून घ्या. हे जाणकार वास्तुशास्त्र तर जाणतातच, पण चिनी फेंगशुईही कोळून प्यालेले आहेत. आमचे हे विज्ञानाचे पदवीधर. "तसं मी काही मानत नाही, पण विचारायला काय हरकत आहे?" असे ते म्हणाले. जगातल्या निम्म्या दक्षिणा या एका वाक्यावर दिल्या गेल्या असतील.

जाणकार आले. तरुण, नम्र, स्वच्छ कपड्यांतले. दारातच चपला काढून आत्याबाईंच्या पाया पडले, त्यामुळे अर्धी बाजी त्यांनी तिथेच मारली. आमचे घर दक्षिणमुखी पाहून त्यांचा चेहरा जरासा उतरला. मग परसात उभे राहून होकायंत्र हातात धरून ते सावकाश एक फेरी फिरले आणि म्हणाले, "ईशान्येला जड झाड नको. त्यातून शेवगा तर नकोच नको. तिथं पाणी पाहिजे. छोटं कारंजं बसवा. आणि पश्चिमेचा लिंब काढलात तर घरात उजेड येईल, पैसा येईल." जाताना एक यादी देऊन गेले : काचेच्या भांड्यातला बांबू, तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक, आणि ढेरी सुटलेला एक हसरा म्हातारा. (तो बांबू खरे म्हणजे बांबू नव्हेच, ड्रॅसिना नावाची ती निराळीच वनस्पती आहे. पण बाजारात नाव पडले ते पडले.) बेडूक मात्र मुलीला फार आवडला. तो अजून तिच्या टेबलावर कागद दाबायला आहे.

मी त्या दिवशी काही बोलले नाही. मी बालवाडीची बाई. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही. सकाळी लेकरांना अक्षरे गिरवायला लावायची आणि रात्री उशिरापर्यंत कादंबरीची पाने खरडायची, एवढाच माझा व्यासंग. पण झाड तोडायचे म्हटल्यावर मला गप्पही बसवेना. शनिवारची शाळा सुटली की मी वाचनालयात जाऊन बसू लागले. शत्रूचे शास्त्र आधी वाचावे, मग भांडावे.

आणि वाचता वाचता माझी पंचाईत झाली. ते शास्त्र मला आवडू लागले.

फेंग म्हणजे वारा आणि शुई म्हणजे पाणी. एवढ्याच दोन शब्दांवर ते सारे उभे आहे. मुळात ही विद्या घरासाठी तितकी नव्हतीच, पूर्वजांना पुरायची जागा निवडण्यासाठी होती. चौथ्या शतकातल्या ग्वो पू या चिनी पंडिताच्या नावावर दफनविद्येचा एक ग्रंथ सांगतात. त्यातला विचार असा, की जमिनीतली जीवनशक्ती वाऱ्याने उधळली जाते आणि पाण्यापाशी येऊन थांबते. म्हणून जागा अशी पाहावी, की वारा अडेल आणि पाणी जवळ असेल. घराच्या पाठीशी उत्तरेला डोंगर असावा, पुढे दक्षिणेला मोकळी जागा आणि पाणी असावे. उत्तरेला काळे कासव, पूर्वेला निळा-हिरवा ड्रॅगन, पश्चिमेला पांढरा वाघ, दक्षिणेला लाल पक्षी, असे चार राखणदार. पेकिंगच्या बादशहाचा राजवाडासुद्धा दक्षिणेकडे तोंड करून बसला आहे. चिनी लोकांचे होकायंत्रही म्हणे दक्षिण दाखविते. सुई तीच, पण ते तिला दक्षिण दाखविणारी सुई म्हणतात.

हे वाचून मी मनातल्या मनात टाळी वाजविली. आमचे घर दक्षिणमुखी! आपल्याकडे जी यमाची दिशा, ती तिकडे बादशहाची. एकाच तज्ज्ञाच्या एकाच पिशवीत ही दोन शास्त्रे एकमेकांशेजारी सुखाने कशी नांदत असतील, कोण जाणे. बहुधा पिशवीत अंधार असल्यामुळे त्यांनी एकमेकांना अजून पाहिले नसावे.

पण त्यात एक साधा अर्थही आहे. उत्तर चीनमध्ये थंडीतला बोचरा वारा उत्तरेकडून येतो आणि ऊन दक्षिणेकडून मिळते. तेव्हा पाठ उत्तरेला आणि तोंड दक्षिणेला करून बसणे हे कोणत्याही शहाण्या म्हातारीला सुचेल. तीच म्हातारी चैत्र-वैशाखात नांदेडला आणून बसविली तर ती काय सांगेल? दुपारी तीननंतर आमच्याकडे पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापते, आणि रात्री दहापर्यंत खोलीत शेक सोडीत राहते. ती म्हातारी म्हणेल, बाई, पश्चिमेला दाट झाड लाव. म्हणजे आमचा लिंब! चिनी शास्त्राच्या नावावर तो तोडायला सांगणे हा त्या शास्त्राचाच अपमान होता.

पाण्याचेही तसेच. जुने नांदेड गोदावरीच्या उत्तर काठावर आहे, म्हणजे गावाच्या दक्षिणेला नदी. आपल्या वास्तुशास्त्राप्रमाणे दक्षिणेला पाणी हा मोठाच दोष. चिनी पंडिताने मात्र हे गाव पाहताच हात जोडले असते. आणि गाव तर दोघांनाही न विचारता शतकानुशतके इथे नांदते आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ साली इथेच मुक्कामाला थांबले आणि इथेच त्यांची अखेर झाली. आज देशोदेशींची माणसे सचखंड हुजूर साहिबला येतात, घाटावर उतरतात आणि त्या दक्षिणेच्या पाण्यात हात-तोंड धुतात.

मग मी आपल्या घरचे शास्त्र काढले. वराहमिहिराची बृहत्संहिता, सहाव्या शतकातली. तिच्यात वास्तुविद्येचा अध्याय आहे आणि घराभोवतीच्या झाडांचाही विचार आहे. उत्तरेला पिंपरी, पूर्वेला वड, दक्षिणेला उंबर, पश्चिमेला पिंपळ हे शुभ. घराला अगदी लागून काटेरी झाड असले तर शत्रूचे भय, चिकाचे झाड असले तर द्रव्यनाश, आणि फळझाड असले तर संततीची हानी. (हे शेवटचे खरे असते, तर कोकण केव्हाच ओस पडले असते.) पण त्याच्या पुढे त्या थोर माणसाने जे सांगितले आहे, ते वाचून मी वाचनालयात एकटीच हसले. अशी झाडे तोडणे होत नसेल, तर त्यांच्यामध्ये दुसरी चांगली झाडे लावा, म्हणतो. उंडी, अशोक, बकुळ, फणस, शमी, साल, आणि कडुलिंब! म्हणजे दोषावर उतारा काय, तर आणखी झाडे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या ज्योतिष्याला कुऱ्हाडीशिवाय उपाय सुचला आणि आमच्या नम्र तरुणाला सुचू नये, याचे वाईट वाटले.

त्याच ग्रंथात पुढचाच अध्याय जमिनीतल्या पाण्याचा आहे. कोणत्या झाडाजवळ वारूळ असेल तर कुठल्या बाजूला किती हात अंतरावर आणि किती खोल झरा लागेल, याची ती टिपणे. खोली मोजायची ती 'पुरुषा'ने. म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. लातूरच्या माणसाला हा अध्याय वाचताना गहिवरून येईल. दोन पुरुष, तीन पुरुष खोल पाणी! आमच्याकडे आता बोअरवाला यंत्र लावतो आणि शेकडो फुटांवर नुसता फुफाटा वर येतो.

लातूरवरून आठवले. माझे माहेर लातूरचे. तिथे माझ्या दादाने २०१३ च्या सुमारास नवे घर बांधले आणि कोणाच्या तरी सल्ल्याने मागल्या अंगणात ईशान्येला सिमेंटचे कारंजे बसविले. मधोमध कमळ, कमळातून पाणी. दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा लेकरे त्यात कागदी होड्या सोडीत होती. पुढे पाऊस रुसला. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची आगगाडी आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी त्या आठवड्यात माहेरीच होते. वहिनी घागरी, बादल्या, कुकरची भांडी, सारे काही भरून ठेवीत होती, आणि कोरड्या कारंज्याच्या कमळात एक चिमणी वाकून वाकून बघत होती. दादा म्हणाला, "हे मूळचं पाण्याचं शास्त्र. पण पाणी कुठून आणायचं, ते त्यात लिहिलेलं नाही." वहिनीने त्या चिमणीसाठी वाटीभर पाणी कमळात ठेवले. त्या दिवसांत वाटीभर म्हणजे काय, ते लातूरकरांना ठाऊक आहे.

हे सगळे मी यांना जेवताना थोडे थोडे सांगत असे. ते ऐकून घेत आणि म्हणत, "बरोबर आहे तुझं. पण एका शेवग्यासाठी एवढा आटापिटा? बाजारात ढिगाने शेंगा मिळतात." लग्नाला इतकी वर्षे झाली तरी त्यांना मी त्या झाडाची सगळी हकिगत कधी सांगितली नव्हती. ती इतके दिवस अडून राहिली होती.

माझे आजोळ औसा तालुक्यात, किल्लारीपासून दोन कोसांवर. चिरेबंदी म्हणता येणार नाही, पण दगड-मातीच्या हातभर जाड भिंतींचा वाडा, आणि वर माळवद. माळवद म्हणजे तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून दर वर्षी त्यावर नवी माती टाकायची. उन्हाळ्यात आत कसे गार! पण वर्षावर्षाला डोक्यावरचे ओझे वाढत जायचे आणि ते कोणी मोजत नसे. आजोबा शास्त्राचे पक्के. दार पूर्वेला, चूल आग्नेयेला, आड ईशान्येला. परसात शेवगा लावताना ते म्हणाले होते, शेवगा घराला लागून नसावा. म्हणून तो पार शेवटी, गोठ्याच्याही पलीकडे, घरापासून चाळीस पावलांवर लावला. आजी रोज भाजीला शेंगा काढताना कुरकुरत असे, की एवढ्या लांब जावे लागते.

२९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. गावचा गणपती रात्री उशिरा बुडाला आणि गाव दमून झोपले. आजीची म्हैस त्या रात्री व्यायला झाली होती. आजी घोंगडी घेऊन शेवग्याखाली जाऊन बसली, म्हशीला तिथेच बांधून. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली. मी तेव्हा बारा वर्षांची. लातुरात आमच्या फळीवरची सगळी भांडी एकदम खाली आली आणि गल्ली रस्त्यावर आली, एवढे मला आठवते. बाबा आणि दादा आजोळी पोचले तेव्हा दुपार झाली होती. गाव नव्हते. दगड-मातीचा ढीग होता आणि त्यावर माणसे हातांनी दगड उचलीत होती. आजी शेवग्याखाली होती. हातात दावे, पुढे ओले रेडकू उभे. बाबांना पाहून ती म्हणाली, "म्हस व्यालीय. चीक काढायचाय. भांडं कुठं हाय, बघा."

आजोबा ओसरीवर झोपले होते.

त्या पहाटे सरकारी मोजणीप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. बरीचशी भूकंपाने नव्हे, त्या भिंतींनी आणि डोक्यावरच्या मातीने गेली. पुढे मी मोठी झाल्यावर एकदा आजीला विचारले, "आजी, शेवगा लांब लावला म्हणून तू वाचलीस. शास्त्रानं वाचवलं म्हणायचं का?"

आजी तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हशीनं वाचवलं. शास्त्रानं म्हणशील, तर दार पूर्वेला होतं, चूल जागच्या जागी होती, समदं नीट होतं बघ. मंग ह्यांना का नाही वाचवलं?"

मी पुन्हा कधी विचारले नाही.

भूकंपानंतर ५२ गावे उठवून नव्या जागी वसविली गेली. जमिनीच्या धारणेप्रमाणे अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरे. आजीला चारशेचे मिळाले. सरळ रस्ते, एकासारखे एक घर, सिमेंटचे हलके छत. भक्कम घर, पण किती तरी म्हातारी माणसे पुढे कैक वर्षे छताखाली झोपायला तयार नसत, अंगणात पत्र्याखाली झोपत. आजी त्यातलीच. नव्या घरात गेल्यावर तिने पहिली गोष्ट पाहिली ती ही, की न्हाणीचे पाणी कुठे जाते. ते रस्त्यावर जात होते. तिने खुरपे घेऊन मागल्या बाजूला पाट काढला, त्या पाण्यावर अळू लावले, आणि जुन्या गावच्या शेवग्याची हातभर फांदी आणून शक्य तितक्या लांब, हद्दीच्या टोकाला रोवली. शेवग्याला बी लागत नाही. फांदी रोवली की फुटते. तिथे जाऊन दोन वर्षांत तिने आम्हाला शेंगांची आमटी खाऊ घातली. आता त्या वसाहतीत गेलात तर सरळ रेघांतल्या घरांमागे परसे पुन्हा वाकडीतिकडी उगवलेली दिसतील. कुणाचा गोठा, कुणाचा कडबा, कुणाचा दोडक्याचा मांडव.

लग्न होऊन नांदेडला येताना २००३ साली मी साड्यांच्या ट्रंकेवर गोणपाटात गुंडाळलेली एक फांदी आणली. आत्याबाईंनी तेव्हा "हे काय माहेरचं सरपण?" म्हणून विचारले होते. आजी २०११ मध्ये गेली.

हे सर्व मी सांगितले त्या रात्री कोणी फारसे बोलले नाही. सकाळी हे गवंड्याला सांगत होते, "खोली १० ऐवजी ९ फूट धरा. शेवगा राहू द्या." लिंबाचे तर नावही निघाले नाही. बांधकाम झाले. वास्तुशांतीला ते जाणकारही आले. त्यांच्या पानात आत्याबाईंनी शेवग्याच्या शेंगांची आमटी वाढली. त्यांनी ती दोनदा मागून घेतली आणि झाडाविषयी अवाक्षर काढले नाही. माणूस खरेच सालस होता.

इथे मी थांबले असते तर माझा विजय पुरा झाला असता. पण या वर्षी रोहिणीच्या वळिवात सोसाट्याचा वारा सुटला. रात्री नऊला शेवग्याची सर्वांत मोठी फांदी कडाडली आणि नव्या खोलीच्या पत्र्यावर आली. पत्रा फुटला. मुलगी नेमकी तेव्हा स्वयंपाकघरात माझ्यापाशी बसली होती. तिच्या टेबलावर, पुस्तकांवर, त्या तीन पायांच्या बेडकावर पाने, फुले आणि पाणी. मी दारात उभी राहिले. पाय थरथरत होते. शेवगा घराला लागून नसावा! त्याचे लाकूड ठिसूळ असते, भेंडासारखे. वाऱ्यात ते घरावर पडते. एवढाच त्या नियमाचा अर्थ होता, आणि आजोबांना तो ठाऊक होता. माझा शेवगा घराजवळ नव्हता, हे खरे. पण मी घरच शेवग्याजवळ नेले होते, आणि झाडावर माया म्हणून अनेक वर्षे त्याला कात्री लावू दिली नव्हती.

यांनी एक शब्दही काढला नाही. तो शब्द काढला असता तर बरे वाटले असते.

सकाळी शेजारचे एक शेतकरी काका कोयता घेऊन आले. म्हणाले, "बाई, शेवगा दर साली शेंगा सरल्या की कंबरेइतका छाटायचा असतो. वाढू द्यायचा नसतो. शेंगा हाताला आल्या पाहिजेत." मग मला आठवले, की आजीचा शेवगा कधीच तिच्या डोक्याच्या फार वर गेलेला नव्हता. तो तसाच असतो असे मी समजत होते. ती तो तसा ठेवीत होती.

झाड कंबरेइतके छाटले. पडलेल्या फांद्यांचे हातभर लांबीचे सात तुकडे केले. चार मी बालवाडीच्या मैदानाच्या कडेला, इमारतीपासून तीस पावले मोजून, लेकरांकडून रोवून घेतले. पावले मोजायला सगळ्यांनाच हवी होती, त्यामुळे तीस पावले तीनदा मोजावी लागली. दोन मागितले त्यांना दिले. त्यात एक त्या जाणकारांच्या आईसाठी गेला. सातवा दादा लातूरला घेऊन गेला, एस.टी.त मांडीवर उभा धरून. वहिनीने कारंज्यातले सिमेंटचे कमळ फोडून काढले, हौदात माती भरली आणि त्यात ती फांदी रोवली. खरकट्या पाण्याची मोरी तिकडे वळविली आहे. कारंजे घरापासून किती लांब आहे, ते मी फोनवर पहिल्यांदा विचारले. सतरा पावले, म्हणाली. मी तिला म्हटले, दर साली कंबरेइतका छाटायचा, वहिनी, विसरायचे नाही.

श्रावणात तिला तीन डोळे फुटले, असा निरोप आला. आमच्या खुंटालाही चहूबाजूंनी कोंब आले आहेत. आत्याबाई रोज सकाळी त्यातला कोवळा पाला खुडून पिठल्यात घालतात. खुंट त्यांच्या हाताला अगदी नेमका येतो.